‘निवाडा’ या शब्दाची चिकित्सा : लोकन्यायालयाच्या भाषेसंबंधी

न्यायालयाने लोकांच्या दारी जावे, ही कल्पना आता नवी राहिलेली नाही. १९७६ साली बेचाळिसाव्या दुरुस्तीने राज्यघटनेत ३९-अ हे कलम आले आणि दारिद्र्यापायी कोणी न्यायास मुकू नये, हे पाहणे राज्याचे कर्तव्य ठरले. १९८२ साली गुजरातेत उना येथे लोकन्यायालयाचा प्रयोग झाला. पुढे १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला व त्यानुसार राष्ट्र, राज्य, जिल्हा आणि तालुका अशा चार पायऱ्यांवर यंत्रणा उभी राहिली. मोफत वकील, कायदेविषयक शिबिरे, विधी स्वयंसेवक आणि लोकन्यायालये ही तिची प्रमुख अंगे होत. तिचे यशापयश बहुधा निकाली निघालेल्या प्रकरणांच्या संख्येवरून मोजले जाते. ती ज्या भाषेत लोकांशी बोलते त्या भाषेची परीक्षा मात्र क्वचितच होते. भाषेच्या अभ्यासकाने येथे लक्ष घालणे अगत्याचे आहे. कारण या भाषेतील एका शब्दावर पुष्कळदा पक्षकाराची जमीन अवलंबून असते.

या दृष्टीने नांदेड जिल्ह्यातील अर्धापूरसारखा तालुका पाहण्याजोगा आहे. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामी अमलाखाली होता आणि कोर्टकचेरीचा कारभार उर्दूतून चाले. पुढे १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, आणि १९९८ च्या अधिसूचनेने दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी ठरली. राज्ये पालटली तरी फिर्याद, दावा, जामीन, वकालतनामा, पंचनामा हे शब्द लोकांच्या तोंडी टिकून राहिले. मूळचे बहुतांशी फारसी-अरबी असले तरी ते येथील कुणब्याला परके वाटत नाहीत. उलट ‘विधी सेवा प्राधिकरण’ हे शुद्ध संस्कृत नाव त्याला अपरिचित वाटते. त्याच्या व्यवहारात विधी म्हणजे लग्नविधी किंवा अंत्यविधी! ‘कायदा’ हा रुळलेला शब्द बाजूला सारून जी सेवा लोकांकडे निघाली, तिने पहिल्याच पावली एक उंबरठा उभा केला, असे म्हणावे लागते.

तथापि अनोळखी शब्दाचा अपाय मर्यादित असतो. तो कळला नाही तर माणूस निदान विचारतो तरी. खरा धोका ओळखीच्या शब्दाचा असतो. ‘निवाडा’ हा असा शब्द आहे.

अर्धापूरच्या शेतकऱ्याला हा शब्द भूसंपादनामुळे चांगला परिचित आहे. ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाच्या कालव्याने या भागात केळीच्या बागा फुलविल्या. पण कालव्याला जमीन लागते, तशीच रस्त्यालाही लागते. जमीन घेताना अधिकारी मोबदला ठरवितो, त्या निर्णयास निवाडा म्हणतात. हा निवाडा एकतर्फी असतो, आणि म्हणूनच तो अखेरचा नसतो. १८९४ च्या कायद्यात हरकत नोंदवून रक्कम उचलता येई व वाढीव मोबदल्यासाठी दिवाणी न्यायालयाकडे दाद मागता येई. २०१३ च्या कायद्यानेही दाद मागण्याची वाट स्वतंत्र प्राधिकरणाकडे खुली ठेवली आहे. निवाड्यानंतरही पुढची पायरी असते, हे ज्ञान शेतकऱ्याला पुस्तकातून नव्हे, तर अनुभवातून मिळालेले आहे.

लोकन्यायालयात जे होते त्यालाही व्यवहारात निवाडाच म्हणतात. परंतु त्याचा स्वभाव नेमका उलटा आहे. तेथील मंडळ काहीही ‘निवडत’ नाही; उभय पक्षांची तडजोड झाली तर ते ती नोंदविते. लोकन्यायालयाला न्यायनिर्णय करण्याचा अधिकार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली पंजाब राज्य विरुद्ध जालोर सिंग या प्रकरणात स्पष्ट केले. मात्र तडजोड एकदा नोंदली गेली की अधिनियमाच्या २१ व्या कलमानुसार ती दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखी ठरते व तिच्यावर अपील चालत नाही. उच्च न्यायालयात रिट अर्जाची एक अत्यंत अरुंद वाट तेवढी उरते. वाढीव मोबदल्याचा दावाच तडजोडीस येतो तेव्हा तर एकाच माणसाला, एकाच जमिनीबाबत, दोन ‘निवाडे’ मिळतात. पहिला आव्हान देता येण्याजोगा, दुसरा अखेरचा. आणि दोहोंचे नाव एकच! पहिल्याच्या अनुभवावर विसंबून जो दुसऱ्यावर अंगठा उठवितो, त्याच्या संमतीस संमती म्हणावे काय?

मराठीच्या पूर्वेतिहासात या प्रश्नाची जाण दिसते. सतराव्या-अठराव्या शतकांतील गोतसभा व मजालस यांच्या कागदपत्रांत प्रत्येक टप्प्याला निराळे नाव आहे. पक्षकाराचे म्हणणे ती तकरीर, सभेचा निर्णय मान्य करण्याची आगाऊ कबुली तो राजीनामा, सभेच्या निर्णयाचा लेख तो महजर, आणि हरलेल्याने आपली हार लिहून द्यावयाची ते येजितखत. ती व्यवस्था जातिबद्ध आणि विषम होती, यात संशय नाही; तिचे पुनरुज्जीवन कोणी इच्छिणार नाही. परंतु आपण कोणत्या कागदाने काय सोडून देत आहोत, हे त्या कागदाचे नावच पक्षकाराला सांगत असे. आजच्या व्यवस्थेने समता आणली. नावांचा हा नेमकेपणा मात्र गमावला.

यावर असे म्हटले जाईल की, मंडळावरील न्यायाधीश व वकील पक्षकाराला सर्व तोंडी समजावून देतात. पुष्कळदा ते देतातही. लोकन्यायालयाचे उपकारही नाकारता येणार नाहीत : भरलेली कोर्ट-फी परत मिळते, वर्षानुवर्षांच्या तारखा चुकतात, भावाभावांतील वाटणीचा दावा वैर न वाढविता मिटतो. पण तोंडी समजूत ही सांगणाऱ्याच्या सवडीवर अवलंबून असते, आणि एका दिवसात शेकडो प्रकरणे निकाली काढावयाची म्हटली की पहिला संक्षेप होतो तो समजुतीचाच. जी गोष्ट अपीलाचा हक्क संपविते ती कागदावरच, सहीच्या वर असावयास हवी.

त्यासाठी नव्या कोशाची गरज नाही. या लेखाला ‘तडजोडनामा’ म्हणावे, आणि त्याच्या शिरोभागी चार वाक्ये असावीत : तुम्हाला काय मिळणार, तुम्ही काय सोडता, यावर अपील नाही, आणि नको म्हटले तर तुमचा दावा होता तसा न्यायालयात परत जाईल. यांतील चौथे वाक्य सर्वांत महत्त्वाचे होय. अधिनियमाच्या २० व्या कलमाने ही मुभा दिलेलीच आहे; पण ज्याला नकार देता येतो हे ठाऊक नाही त्याच्या होकाराला मोल नसते.

‘लोकन्यायालय’ या समासातील ‘लोक’ हे पद आज केवळ गर्दीचे वाचक आहे. ते कर्त्याचे वाचक व्हावयाचे असेल, तर न्यायालयाने लोकांच्या दारी जाऊन थांबता कामा नये. त्यांच्या शब्दांनी बोललेही पाहिजे, आणि ते शब्द सही घेण्यापूर्वी बोलले पाहिजेत.