फोडणीआधीचा वाटा

मराठीत कवितेला टीकाकार आहेत, नाटकाला आहेत, क्रिकेटच्या संघनिवडीला तर दर घराआड एक आहे. पाककृतीला मात्र टीकाकार नाही. पदार्थाला नावं ठेवणारे पुष्कळ; पण ते पाटावर बसलेले असतात आणि त्यांची टीका "मीठ जरा कमी पडलंय का?" याच्या पुढे जात नाही. पुढे गेली तर दुसऱ्या दिवशी त्यांना स्वतःच चहा करून घ्यावा लागतो. मी म्हणतो ती टीका पदार्थावरची नव्हे, पाककृती नावाच्या लेखनावरची. हे लेखन रोज प्रसिद्ध होतं, मोठ्या भक्तिभावानं वाचलं जातं आणि लोक त्याची कात्रणं जपून ठेवतात. कवितेचं कात्रण मी आजवर फक्त कवीच्याच पाकिटात पाहिलं आहे.

या लेखनात अलीकडे एक नवा पोटप्रकार निघाला आहे : 'तुमच्या लाडक्या श्वानासाठी सणाचा पौष्टिक घरगुती बेत'. दिवाळी जवळ आली की कुत्र्यासाठी बिनसाखरेचे लाडू, गणपतीत कुत्र्यासाठी मोदक आणि नाताळात कुत्र्यासाठी केक. याला साहित्याच्या कुठल्या कप्प्यात टाकायचं हे अजून समीक्षकांनी ठरवलेलं नाही. मला तो बालसाहित्याचा चुलतभाऊ वाटतो. ज्याच्यासाठी लिहायचं त्याला वाचता येत नाही, आणि ज्याला वाचता येतं त्याला खायचं नसतं.

माझा यातला अधिकार काय, असं तुम्ही विचाराल. मी कॉमर्सचा पदवीधर, बँकेत कारकून. बावीस वर्षं दुसऱ्यांनी केलेल्या बेरजा तपासत आलो आहे. तपासणं हाही टीकेचाच एक प्रकार. फरक इतकाच की आमच्या टीकेला महिन्याच्या शेवटी पगार मिळतो. शिवाय घरी मोत्या आहे. जात गावठी, वय सहा, वजन दहा किलो. हे वजन सौभाग्यवतीच्या अंदाजानं नव्हे, डॉक्टरांच्या काट्यावर केलेलं. सौभाग्यवतीच्या अंदाजानं तो नेहमीच "किती वाळलाय बिचारा" असतो.

तर या पाककृतींमधला मला खटकलेला पहिला शब्द म्हणजे 'चवीनुसार'. चवीनुसार मीठ. कुणाच्या चवीनुसार? कुत्र्याच्या जिभेवर सुमारे सतराशे स्वादकलिका असतात, आपल्या जिभेवर नऊ हजारांच्या आसपास. तो चाखण्याआधी हुंगतो, आणि हुंगण्यातच त्याचं निम्मं जेवण होतं. त्याला वरून मीठ लागत नाही. म्हणजे हे मीठ पडतं ते करणाऱ्या बाईंच्या चवीनुसार. कर्ज एकाच्या नावावर आणि पैसे उचलणार दुसराच, अशी प्रकरणं आमच्याकडे येतात, तेव्हा आम्ही त्यांवर लाल शाईनं खूण करतो.

दुसरा दोष सजावटीचा. 'बिटाचा लालभडक लाडू करून त्यावर हिरवीगार कोथिंबीर भुरभुरावी.' छायाचित्र झकास येतं. पण कुत्र्याला दिसतात ते रंग मुख्यतः निळा आणि पिवळा. लाल आणि हिरव्यातला फरक त्याला कळत नाही. आपला लालभडक लाडू त्याला मळकट दिसतो आणि वरची कोथिंबीरही मळकटच. त्याची तक्रार नसते, कारण तो लाडू बघायला थांबतच नाही.

तिसरा दोष शेवटच्या ओळीत : 'हे प्रमाण चार जणांसाठी.' आमच्याकडे मोत्या एकच आहे. उरलेले तीन जण कोण, याचा उलगडा एका संध्याकाळी झाला. चिरंजीव आले, त्यांनी डबा उघडला, दोन लाडू खाल्ले आणि म्हणाले, "बाबा, या वर्षी आईचे लाडू जरा फिके झालेत नाही?"

प्रमाणाचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही, आणि इथं माझं कॉमर्स कामी येतं. कुत्र्याला विश्रांतीच्या अवस्थेत किती उष्मांक लागतात याचं पशुवैद्यांचं सूत्र आहे : वजनाचा पाऊण घात गुणिले सत्तर. 'पाऊण घात' ऐकून घाबरू नका. काउंटरवरच्या साध्या कॅल्क्युलेटरवर तो निघतो. वजन तीनदा मांडून गुणाकार करायचा आणि वर्गमुळाचं बटण दोनदा दाबायचं. मोत्याचे दहा गुणिले दहा गुणिले दहा म्हणजे १०००. पहिलं वर्गमूळ ३१.६२, दुसरं ५.६२, गुणिले सत्तर, ३९४. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्याला दिवसभराच्या हिंडण्याफिरण्यासकट याच्या साधारण १.६ पट धरतात. म्हणजे ६३० उष्मांक. हा त्याचा रोजचा पगार. वरखुशीचं खाणं यातल्या दहा टक्क्यांच्या आत ठेवावं असा दंडक आहे, म्हणजे ६३. तूप लावलेली एक पुरणपोळी याच्या चौपट सहज जाते. "एवढीशी तर पोळी!" असं म्हणून आपण त्याच्यापुढे टाकतो ती पोळी त्याच्या चार दिवसांच्या वरकमाईएवढी असते. या पाककृतींत कुठंही 'आज हा लाडू दिलात तर रात्रीचं जेवण इतकं कमी करा' असं लिहिलेलं नसतं. जमेची बाजू भरभरून लिहायची आणि खर्चाची कोरी ठेवायची, हे लेखन असेल, हिशेब नव्हे.

आता जरा न्यायानं बोलायला हवं. या प्रकारावर गंभीर टीका झालेली आहे, फक्त ती मराठीत झालेली नाही. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठाच्या पशुवैद्यांनी २०१३ साली कुत्र्यांच्या घरगुती जेवणाच्या दोनशे पाककृती तपासल्या. त्यांतल्या पंच्याण्णव टक्के पाककृतींत कुठलं ना कुठलं आवश्यक पोषकद्रव्य कमी भरलं. शंभरातले पाच पास! आमच्या खात्यांतर्गत परीक्षांचा निकालसुद्धा याहून बरा लागतो. पण हा निकाल रोजच्या जेवणाचा आहे. रोज नुसतं कोंबडी-भात घातलं तर कॅल्शियम कमी पडतं आणि हाडं कुरकुरू लागतात. म्हणून कुणाला रोज घरचंच घालायचं असेल तर त्यानं पुरवणी नव्हे, पशुवैद्य गाठावा. सणाचं जेवण वर्षातून एकदोनदा. एका दिवसात तूट येत नाही. एका दिवसात येतं ते विष.

म्हणून माझ्या मते या दोन लेखनप्रकारांच्या कसोट्याच वेगळ्या हव्यात. रोजच्या जेवणाची पाककृती तपासताना त्यात काय नाही ते बघावं; सणाच्या जेवणाची तपासताना त्यात काय आहे ते. नेमकं हेच आमचे पाककृतीकार उलटं करतात. लाडवात ओट्स आहेत, जवस आहे, भोपळ्याच्या बिया आहेत, असं अभिमानानं सांगतात आणि तिसऱ्या ओळीत 'मूठभर मनुका' टाकून मोकळे होतात. द्राक्षं आणि मनुका यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि किती मनुकांनी होतील याचा नेम सांगता येत नाही. चॉकलेट नको, हे आता बहुतेकांना ठाऊक झालंय. पण 'शुगर फ्री' पदार्थांत असू शकणारं झायलिटॉल कुत्र्याच्या रक्तातली साखर धाडकन खाली आणतं, हे मधुमेही आजोबांच्या डब्यातली वडी प्रेमानं भरवणाऱ्या नातवाला माहीत नसतं. शिजवलेल्या हाडांच्या अणकुचीदार ढलप्या होतात. तळणीच्या तेला-तुपानं स्वादुपिंडाला सूज येते. आणि सगळ्यांत साळसूद चेहऱ्याचे गुन्हेगार म्हणजे कांदा आणि लसूण.

इथं मला या लेखनप्रकाराची जुनी आवृत्ती काढावी लागते. कुत्र्याचा सणाचा बेत हा काही पुरवणीवाल्यांचा शोध नाही. श्राद्धाच्या पंचबळींत गाय आणि कावळा यांच्याबरोबर कुत्र्याचा घास आहेच. नेपाळात तर आपल्या नरक चतुर्दशीच्याच दिवशी कुकुर तिहार असतो. तिथं कुत्र्याला टिळा लावतात, गळ्यात माळ घालतात आणि गोडधोड देतात. त्याच दिवशी पहाटे आपल्याकडची कुत्री फटाक्यांना भिऊन पलंगाखाली असतात. पण महाराष्ट्रानंही आपला कुत्रा अगदीच उपाशी ठेवलेला नाही. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, चंपाषष्ठीला, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य होतो आणि देवाच्या पायाशी असणाऱ्या कुत्र्याचा मान म्हणून घराबाहेर कुत्र्यालाही पान वाढतात. चातुर्मासात वांगं, कांदा, लसूण वर्ज्य केलेल्या घरांत त्या दिवशी भरताला असा काही कांदा पडतो की चार महिन्यांची थकबाकी एकदम वसूल व्हावी.

कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. कच्चा असो, शिजवलेला असो की पातीचा असो, गुण तोच. लसूण त्याहून जहाल. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागे पंधरा ते तीस ग्रॅम कांदा पोटात गेला की रक्तात बिघाड दिसू लागतो. दहा किलोंच्या कुत्र्याला दीडशे ग्रॅम, म्हणजे दोन मध्यम कांदे. तुम्ही म्हणाल, आमच्या पानात कुठले आलेत दोन कांदे? बरोबर आहे. तुमच्या पानातल्या भरतात असेल दहा ग्रॅम. पण आमच्या गल्लीत चंपाषष्ठी करणारी घरं पंधरा आहेत आणि खंडोबाचा कुत्रा म्हणून हजर असतो तो एकटा काळ्या. पंधरा दाहे दीडशे. प्रत्येक घराचं व्हाउचर बरोबर, बेरीज मात्र प्राणघातक. त्यातून लक्षणं लगेच दिसत नाहीत. दोन-चार दिवसांनी कुत्रा मलूल होतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी लालसर तपकिरी होते. तोवर भरीत सगळे विसरलेले असतात. गेल्या खेपेला काळ्या असाच तीन दिवस जिन्याखाली पडून होता. गल्लीचं निदान पडलं, "दृष्ट लागली." पशुवैद्यांनी हिरड्या पाहिल्या आणि पहिला प्रश्न विचारला, "कांदा खाल्लाय का?" काळ्या वाचला, पण उठून भुंकायला त्याला पंधरवडा लागला.

त्यानंतर मी हा हिशेब आईपुढे मांडला. तिनं शांतपणे ऐकून घेतला आणि विचारलं, "अरे, देवाला कांदा चालतो, मग त्याच्या कुत्र्याला का चालू नये?"

"आई, देवाला नैवेद्य आपण दाखवतो. कुत्रा खातो."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पण मान मोडता कामा नये."

यात टीकाशास्त्राचं सगळं सार आलं. जुन्या पाककृतीचं तत्त्व खरं आहे : घरात सण आहे, तर दारातल्या मुक्या जिवाचा वाटा आधी निघाला पाहिजे. तिचं साहित्य मात्र चुकलेलं आहे. नव्या पाककृतीचं साहित्य, मनुका वगळल्या तर, बरंचसं बरोबर असतं, पण तत्त्वच हरवलेलं असतं. तिथं कुत्र्याला वाटा मिळत नाही, त्याच्यासाठी वेगळी पार्टी होते आणि तिचे फोटो आपण बघतो. दोन्हींचं चांगलं तेवढं घ्यायचं तर युक्ती आपल्याच स्वयंपाकघरात आहे. तान्ह्या बाळाचा भात तिखट पडायच्या आत काढून ठेवतात की नाही? तसा कुत्र्याचा वाटा फोडणीआधी काढायचा.

मोत्याचा बेत असा. रात्रीच्या जेवणाच्या जागी, म्हणून खर्चाला मंजुरी ६३०च्या निम्मी, ३१५. मीठ-मसाला न घालता नुसत्या पाण्यात उकडलेली, हाडं आणि कातडी काढलेली कोंबडीची छाती १०० ग्रॅम, १६५ उष्मांक. मऊ भात १०० ग्रॅम, १३०. उकडलेला लाल भोपळा ५० ग्रॅम, १०. एकूण ३०५. शिल्लक १०, पुढे ओढली. शाकाहारी घरात कोंबडीऐवजी एका दिवसापुरतं साधं वरण चालेल, पण त्यात मीठ आणि वरून फोडणी पडायच्या आतलं. चंपाषष्ठीच्या पानावर बिनमिठाच्या रोडग्याचा तुकडा आणि भोपळ्याची फोड ठेवावी, भरीत माणसांनी खावं. मानही राहतो, कुत्राही राहतो. आणि पंधराही घरांनी असंच केलं तर काळ्याला फार तर अजीर्ण होईल. तेवढं तर सणाला आपल्यालाही होतं.

आईनं हे मान्य केलं आणि मग शेजारच्या चौदा घरी जाऊन तिनं ते आपल्या शैलीत प्रसृत केलं : "कुत्र्याला भरीत घातलं तर देवाला दोष लागतो." मी केलेल्या पंधरा दाहे दीडशेचा त्यात उल्लेखही नव्हता, परिणाम मात्र झाला. या प्रकारातली मला ठाऊक असलेली सर्वांत प्रभावी पाककृती तीच, आणि ती एका ओळीची आहे.

बाकीच्या पाककृतींवर माझा शेरा असा : फोडणीआधी आलेले पदार्थ मंजूर. फोडणीनंतर खिडकी बंद.