कारखान्याच्या फाटकाशी थांबलेला हिशोब

'साखर कारखान्याला बाहेरचे पाणी लागत नाही. उलट ऊसच कारखान्याला पाणी देतो.' शाळेची सहल कारखाना पाहायला गेली की हे विधान हमखास कानी पडते. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातल्या शिक्षकांनी तर ते नीट तपासून घ्यायला हवे. इथला सरासरी पाऊस साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास, आणि ढोकी, रांजणी ही गावे साखर कारखान्यांसाठी ओळखली जातात.

विधान खोटे नाही. उसाच्या वजनात सुमारे 70 टक्के पाणी असते. म्हणजे एक टन उसाबरोबर 700 लिटर पाणी कारखान्यात येते. त्यातले काही बगॅसबरोबर निघून जाते. बरेचसे रस आटवताना वाफ होते. ही वाफ थंड करून मिळालेले पाणी पुन्हा वापरले, तर गाळपासाठी बाहेरचे पाणी फारच थोडे लागते. तंत्रज्ञांचे हे काम कौतुकाचेच आहे.

चूक आहे ती हिशोब फाटकाशी थांबवण्यात. फाटकाबाहेरचा हिशोब फळ्यावर सहज मांडता येतो. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे 10,000 लिटर. पाटपाण्यावरच्या सुरू उसाला पावसासह सुमारे 2,500 मिलिमीटर, म्हणजे अडीच कोटी लिटर पाणी लागते. हेक्टरी 100 टन ऊस निघाला, तर टनामागे अडीच लाख लिटर! कारखान्यात वाचवलेल्या 700 लिटरची याच्याशी तुलना करून पाहा. यातले काही पाणी झिरपून विहिरींना मिळते, ठिबकने बरीच बचतही होते, हे खरे. पण त्यातून निम्मी बचत झाली, तरी 700 आणि सव्वा लाख यांतले अंतर उरतेच.

म्हणून कारखान्याचा दुष्काळाचा धोका नळातून येत नाही, तो शेतातून येतो. आणि तोही उशिरा येतो. 2015 मध्ये पाऊस नव्हता, त्यामुळे लागणी झाल्या नाहीत, उभा ऊस वाळला. 2016 मध्ये पाऊस चांगला झाला, पण गाळायला ऊसच नव्हता. राज्याचे साखर उत्पादन 2015-16 च्या सुमारे 84 लाख टनांवरून 2016-17 मध्ये सुमारे 42 लाख टनांवर आले. वाफेचे पाणी वाचवण्यात कितीही तरबेज असलेला कारखाना अशा वर्षी काय करणार?

अतिवृष्टीतही हेच दिसते. सप्टेंबर 2025 मध्ये परंडा, भूम भागात पूर आला आणि शेतांतली माती खरडून गेली. पाणी साचलेल्या शेतात मुळांना प्राणवायू मिळत नाही, ऊस लोळतो, उतारा घटतो, तोडणीची वाहने आत जाऊ शकत नाहीत. कारखान्याच्या इमारतीत पाणी शिरले नाही म्हणून तो सुरक्षित, असे म्हणता येत नाही.

या हिशोबावरून शेतकऱ्याला दोषी ठरवणे हीही तितकीच घाईची टीका होईल. उसाला कायद्याने ठरलेला किमान दर आहे आणि तो घेणारा कारखाना शेजारी आहे. तूर, ज्वारी, सोयाबीन यांना इतका खात्रीचा ग्राहक नाही. कोरड्या मुलखात ऊस लावणे हा शेतकऱ्याचा अडाणीपणा नव्हे. समोरच्या व्यवस्थेला त्याने दिलेले ते सरळ उत्तर आहे. म्हणून जबाबदारीही त्या व्यवस्थेवर येते. गाळपक्षमता वाढवताना खोऱ्यात वाईट वर्षी किती पाणी उरते, हे आधी पाहिले पाहिजे. मांजरा धरणावर पिण्याच्या पाण्यासाठीही माणसे अवलंबून आहेत. एप्रिल 2016 मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे विसरून चालणार नाही.

पुढच्या सहलीत विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारायला सांगा: गेल्या हंगामातला ऊस किती हेक्टरवरून आला? त्यातला ठिबकवर किती होता? आणि लागोपाठ दोन वर्षे पाऊस कमी पडला, तर तुमची योजना काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कारखान्याच्या शेतकी खात्यात मिळायला हवीत. तिसऱ्याचे उत्तर मिळाले नाही, तर विद्यार्थ्यांनी आपल्या वहीत तेही नोंदवावे.