हॅश-स्वाक्षरी : एका संज्ञेची चिकित्सा

संगणकशास्त्राच्या अध्यापनात ‘हॅश-स्वाक्षरी’ ही संज्ञा आता रुळली आहे. वेब एपीआयकडे जाणारा मजकूर आणि उभयपक्षी ठाऊक असलेली गुप्त किल्ली यांवरून ठराविक लांबीचे एक मूल्य काढून ते विनंतीसोबत पाठवावयाचे. सर्व्हरने तेच गणित पुन्हा करून मूल्ये जुळतात का ते पाहावयाचे, एवढाच हा व्यवहार. त्यास स्वाक्षरी म्हणणे कितपत सयुक्तिक आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

ह्यूगो क्राव्चिक, मिहिर बेलारे व रान कॅनेटी यांनी १९९७ साली आरएफसी २१०४ या दस्तऐवजात एचमॅक पद्धती मांडली. त्याच्या शीर्षकात संदेशाच्या प्रमाणीकरणाचा उल्लेख आहे, स्वाक्षरीचा नाही. पुढे ओऑथ १.० (आरएफसी ५८४९, २०१०) आणि ॲमेझॉनची क्लाउड सेवा यांनी एचमॅक मूल्यालाही ‘सिग्नेचर’ म्हटले, आणि तेच नाव आपल्याकडे भाषांतरित झाले.

खानदेशातील अभ्यासकास येथे वेगळा शब्द सुचावयास हवा होता. धुळ्यात १९२७ साली स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळामुळे मराठेकालीन कागदपत्रे आपल्या परिचयाची आहेत. अशा पत्रांवर आरंभी मुद्रा व अखेरीस मोर्तब उमटवीत. मोर्तबाने मजकुराची मर्यादा ठरे; त्यानंतर काही वाढविण्यास वाव राहत नसे. हॅशच्या वापरातील एक प्रसिद्ध दोष नेमका या मोर्तबाच्या अभावाचा आहे. एमडी५ मजकुराचे ६४ बाइटचे ठोकळे करून एकामागून एक पचवितो, आणि त्याचे उत्तर म्हणजे त्याची अखेरची आंतरिक अवस्थाच असते. त्यामुळे किल्लीपुढे मजकूर जोडून सरळ हॅश काढल्यास, त्या उत्तरालाच आरंभ मानून कोणीही पुढचा मजकूर जोडू शकतो. किल्लीची लांबी ताडता आली की पुरे. किल्ली ठाऊक असण्याची गरज नाही. थाई डुओंग व हुलियानो रिझो यांनी २००९ मध्ये फ्लिकरच्या एपीआयमध्ये हा दोष दाखवून दिला. उपाय तर बारा वर्षांपूर्वीच छापलेला होता! एचमॅकमध्ये आतील हॅशवर किल्लीसह पुन्हा बाहेरचा हॅश काढतात. हा बाहेरचा फेरा म्हणजेच मोर्तब.

शिवाय स्वाक्षरी करणारा मजकूर वाचतो, हॅश केवळ बाइट पाहतो. ‘चौधऱ्यांचे’ या शब्दातील ‘ऱ’ युनिकोडमध्ये एका संकेतांकाने लिहिता येतो, तसाच ‘र’ व नुक्ता अशा दोन संकेतांकांनीही. पडद्यावर फरक दिसत नाही. यूटीएफ-८ मध्ये मात्र पहिल्याचे ३ बाइट, दुसऱ्याचे ६, आणि हॅश सर्वस्वी भिन्न. विद्यार्थ्याचे नाव देवनागरीत पाठविताना दोन्ही बाजूंनी मजकूर आधी एनएफसी रूपात आणला नाही, तर खरी विनंतीही नाकारली जाते. इंग्रजी उदाहरणांवर बेतलेल्या अध्यापनात ही अडचण समोरच येत नाही.

सर्वांत गंभीर मुद्दा पुराव्याचा. जळगावचे एखादे महाविद्यालय व शुल्कभरणा सेवा यांच्यात एखाद्या रकमेविषयी वाद उद्भवला असे समजू. किल्ली दोघांकडेही तीच. अर्थात ते मूल्य दोघांपैकी कोणीही निर्माण केलेले असू शकते. त्रयस्थापुढे ते एकट्याने काहीच सिद्ध करीत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ३ मध्ये अंकीय स्वाक्षरीसाठी हॅशबरोबर असममित कूटपद्धतीही आवश्यक मानली आहे. तीत खासगी किल्ली स्वाक्षरी करणाऱ्याच्याच हाती राहते. हा भेद ‘स्वाक्षरी’ या एका शब्दाखाली झाकला जातो, आणि पदवी घेऊन बाहेर पडणारा विद्यार्थी एचमॅक वापरून पुराव्याची व्यवस्था झाली असे समजतो. परस्परविश्वास असलेल्या दोन यंत्रणांमध्ये एचमॅक पुरेसा आहे, शिवाय वेगवानही. पुढे न्यायालयात जाण्याचा संभव असलेल्या नोंदींना मात्र खासगी किल्लीचीच स्वाक्षरी हवी.