रसेल यांची विरोधापत्ती आणि अस्तित्वाचा प्रश्न

तर्कशास्त्राच्या वर्गात बर्ट्रांड रसेल यांची विरोधापत्ती बहुधा न्हाव्याच्या कोड्याने समजावून दिली जाते. गावातील जे स्वतःची दाढी स्वतः करीत नाहीत त्या सर्वांची, आणि केवळ त्यांचीच, दाढी करणारा न्हावी स्वतःची दाढी करतो काय? 'होय' म्हटले तर 'नाही' निष्पन्न होते आणि 'नाही' म्हटले तर 'होय'. उदाहरण सुबोध आहे. परंतु मूळ प्रश्न त्यात हरवतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कोड्याचे उत्तर एवढेच, की असा न्हावी असूच शकत नाही. त्याने कोणाचेही काही बिघडत नाही. मग १९०२ मध्ये गोटलोब फ्रेगे यांचे इतके का बिघडले?

याचे उत्तर त्यांच्या 'ग्रुंडगेझेत्झ' (खंड १, १८९३) या ग्रंथातील पाचव्या मूलनियमात आहे. दोन संकल्पनांखाली तंतोतंत तेच पदार्थ येत असतील तर, आणि तरच, त्यांची व्याप्ती एक असते, असा तो नियम. वरकरणी निरुपद्रवी वाटणाऱ्या या नियमात प्रत्येक संकल्पनेला व्याप्ती असतेच, हे गृहीत आहे. १६ जून १९०२ च्या पत्रात रसेल यांनी स्वतःचे सदस्य नसलेल्या वर्गांच्या वर्गाचा प्रश्न उपस्थित केला. न्हाव्याचे अस्तित्व सहज नाकारता येते. हा वर्ग फ्रेगे यांना नाकारता येईना, कारण त्यांच्याच नियमाने त्याचे अस्तित्व अटळ केले होते.

म्हणजेच दोष अनुमानपद्धतीत नव्हता. 'बेग्रिफ्सश्रिफ्ट' (१८७९) मधील संख्यापकांची मांडणी या आघातातून अबाधित राहिली. 'प्रत्येक संख्येहून मोठी कोणती तरी संख्या असते' हे सत्य विधान आणि 'कोणती तरी एक संख्या प्रत्येक संख्येहून मोठी असते' हे असत्य विधान, यांतील भेद तिने आकारिक पातळीवर स्पष्ट केला. पारंपरिक संविधानाच्या चौकटीत तो नीट मांडता येत नव्हता.

व्हाइटहेड व रसेल यांच्या 'प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका'ने (१९१०–१३) प्रकार-सिद्धान्ताच्या आधारे विरोधापत्ती टाळली. तथापि अंकगणितासाठी अनंत पदार्थ हवेत आणि ते आहेत हे तर्काने सिद्ध होईना. म्हणून अनंततेचे विधान आवश्यक तेथे केवळ पूर्वअट म्हणून घ्यावे लागले. जगात किती वस्तू आहेत, हे सांगणे तर्कशास्त्राचे काम आहे काय?

क्रिस्पिन राइट यांनी १९८३ मध्ये फ्रेगे यांच्या बाजूने एक महत्त्वाचा मुद्दा मांडला. दोन संकल्पनांखालील पदार्थांत एकास-एक संगती असेल तर, आणि तरच, त्यांची संख्या एक, या तत्त्वापासून पाचव्या नियमाविनाही अंकगणिताचे मूलभूत नियम निष्पन्न होतात. ही उपलब्धी मोठी आहे. परंतु हे तत्त्वही अनंत पदार्थांचे अस्तित्व पदरात टाकतेच; ते निखळ तार्किक मानावे काय, हा वाद म्हणूनच संपलेला नाही.

तात्पर्य, तर्कवादाची खरी अडचण विसंगती नसून अस्तित्व ही आहे. विसंगती दुरुस्त करता आली. अस्तित्वाची किंमत मात्र प्रत्येक दुरुस्तीत मोजावी लागली. न्हाव्याचे कोडे वर्गात अवश्य सांगावे. मात्र 'असा न्हावी नाही' हे उत्तर आले, की फ्रेगे यांना तेच उत्तर का देता आले नाही, हा पुढचा प्रश्न विचारल्याशिवाय तास संपवू नये.