बिंदुगणना : तत्त्व आणि वापर
छेदातील क्षेत्रफळावरून घनफळाचे प्रमाण काढण्याचे तत्त्व देलेस याने १८४७ साली खडकांसाठी मांडले. ग्लागोलेव्ह याने १९३३ साली क्षेत्रफळाऐवजी बिंदू मोजले. पोलादाच्या सूक्ष्मरचनेलाही ही रीत लागू पडते. तत्त्व निर्दोष आहे. दोष आहे तो वापरात. ४०० बिंदूंपैकी ८० पर्लाइटवर पडले, की ‘पर्लाइट २० टक्के’ असे लिहून अभ्यासक मोकळा होतो. वस्तुतः बिंदू परस्परस्वतंत्र मानले तरी या आकड्याचे प्रमाण विचलन २ टक्क्यांचे असते. ते निम्मे करावयाचे तर १६०० बिंदू मोजावे लागतात. जाळी कणांहून बारीक असल्यास एकाच कणावर अनेक बिंदू पडतात. मग गणना वाढते, माहिती नव्हे. त्रुटी न सांगता दिलेला आकडा हे मापन नसून केवळ अदमास होय.