खिशातल्या चाकूची समीक्षा

पुस्तकांची समीक्षा करणारे पुष्कळ आहेत. नाटकांची करणारे तर नाटकं पाहणाऱ्यांपेक्षाही जास्त. पण खिशातल्या चाकूकडे एखाद्या समीक्षकाने गंभीरपणे पाहिल्याचं निदान माझ्या तरी ऐकिवात नाही. तेव्हा मीच पुढे होतो. पात्रता विचाराल तर मी बी.कॉम. आहे आणि गेली पस्तीस वर्षं माझ्या खिशात कुठला ना कुठला चाकू आहे.

शाळेत पेन्सिलीला टोक करायला अर्धं ब्लेड मिळे. ते बोटालाही टोक काढी. मग जत्रेत पत्र्याच्या मुठीचा एक चाकू घेतला. त्या वयात माझी कसोटी एकच होती : आवाज. हिंदी सिनेमातला खलनायक रामपुरी उघडतो तेव्हा कसा ‘खटाक्’ होतो, तसा व्हायला हवा. माझ्या चाकूचा ‘कुईं’ असा व्हायचा. त्याने पेन्सिल सोडाच, पेन्सिलीवरचा रंगही निघत नसे. पण तो खिशात असला की छाती दोन इंच फुगे.

बँकेत लागलो तेव्हा नोटांच्या पुडक्यांना पिना ठोकलेल्या असत. त्या उचकटण्याच्या निमित्ताने चाकूला प्रथमच रीतसर काम मिळालं. पण 2001 साली रिझर्व्ह बँकेने पिना बंद करून कागदी पट्ट्या लावायला सांगितलं आणि माझा चाकू हळूहळू बेकार झाला. बेकार माणूस जसा कोर्सामागून कोर्स करत सुटतो, तशी मला मग जास्त शिकलेल्या चाकूची हौस आली. मेव्हण्याने परदेशातून स्विस चाकू आणला. उपयोग 33, वजन 185 ग्रॅम!

या घराण्याचा मूळपुरुष कार्ल एल्सनर. त्याने 1891 मध्ये स्विस सैन्याला चाकू पुरवले. शिपायाच्या चाकूत हत्यारं चारच : पातं, आर, डबा उघडायचं पातं आणि पेचकस. 1897 साली ऑफिसरांसाठी वेगळा चाकू निघाला, त्यात बूच काढायचा स्क्रू आला. शिपायाने बंदूक खोलायची आणि साहेबाने बाटली, ही कामाची वाटणी कुठल्याही कचेरीत बसलेल्या माणसाला नवी नाही. एकाच स्प्रिंगवर दोन्ही अंगांची हत्यारं तोलून धरायची एल्सनरची करामत मात्र दाद देण्याजोगी. पण चाराचे तेहतीस झाले तेव्हा घराणं वाढलं आणि गाणं मागे राहिलं. माझ्या चाकूत माशाची खवलं काढायचीही सोय होती. आमच्याकडे चातुर्मासात कांदासुद्धा वर्ज्य! पँटचा उजवा खिसा तीनदा उसवल्यावर सौभाग्यवतींनी सुईदोऱ्यासकट निषेध नोंदवला.

चाळिशी लागली तसा साधेपणाचा सोस सुरू झाला. (चाळिशीत साधेपणाही बराच महाग पडतो.) आता फ्रान्सच्या सव्हॉय भागातला ओपिनेल आला. हे घराणं 1890 पासूनचं. एक पातं, लाकडी मूठ, आणि उघडं पातं अचानक मिटू नये म्हणून मुठीच्या गळ्याशी फिरती कडी. ही 1955 ची भर. कार्बन पोलादाची धार अशी की कागदाला कळतही नाही. पण कैरी कापली की पातं काळं पडे, आणि पावसाळ्यात लाकूड फुगलं की पातं बाहेरच येईना. समीक्षेच्या भाषेत सांगायचं तर कलाकृती श्रेष्ठ, पण उघडत नाही.

या सगळ्या काळात घरात आणखी एक चाकू होता : आप्पांचा. एक पातं, काळी मूठ, त्यावरचं नाव केव्हाच पुसलेलं. तो ना आवाज करी, ना देखणा होता. त्यामुळे माझ्यातल्या समीक्षकाने त्याची कधी दखल घेतली नाही. त्याने आप्पा रोज संध्याकाळी काही ना काही कापत. पेरू, काकडी, सुतळी, क्वचित माझ्या वहीची चिकटलेली पानं.

गेल्या हिवाळ्यात पेरू कापताना त्यांचा हात थरथरला. बोटावर रक्ताचा थेंब आला. त्यांनी तो धोतराला पुसला, चाकूही पुसला, मिटला आणि माझ्यापुढे धरला.

“तुझ्याकडे राहू दे आता.”

रात्री मी तो उघडून पाहिला. धार लावून लावून पातं जेमतेम निम्मं उरलं होतं. खणातून माझे दोन्ही चाकू काढून शेजारी ठेवले. स्विस आणि फ्रेंच, दोघेही कालच दुकानातून आणल्यासारखे. कॉमर्सला आम्ही घसारा खर्चाच्या बाजूला लिहायला शिकलो. इथे तो जमेला धरावा लागणार होता. चाकू किती चांगला, हे त्याचं किती झिजलं यावरून ठरवायचं असतं, एवढं कळायला मला पस्तीस वर्षं आणि तीन चाकू लागले.

आता संध्याकाळचा पेरू मी कापतो. बिया काढाव्या लागतात, कारण आप्पांची कवळी नवी आहे. आप्पा शेजारी बसून बघतात आणि समीक्षा करतात.

“फोडी जाड झाल्या.”