मुखपृष्ठ नसलेला खंड : इंद्रजाल कॉमिक्सच्या चित्रकारांविषयी

आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघा जुन्या सहकाऱ्यांचे फोन आले. "जन्मभर कांट शिकवलात आणि आता वेताळावर बोलणार?" असा एकंदर सूर होता. आम्ही म्हटलं, हो, बोलणार. कारण या विषयात आमच्या हातून एक चूक झालेली आहे. ती चूक सौंदर्यशास्त्राची आहे, असं आता सत्तरी उलटल्यावर आमच्या लक्षात येतंय.

आधी ती चूक सांगतो.

मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडिया समूहाने इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं. ली फॉक यांचा फँटम मराठीत वेताळ होऊन आला. आम्ही तेव्हा जेमतेम बारा वर्षांचे होतो. पुढच्या दोन-तीन वर्षांत वीसेक अंक साठले. त्यांची पानं सुटायला लागली, म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही ते गठ्ठ्याने बाइंडिंगवाल्या काकांकडे नेले. काकांनी गठ्ठा हातात घेतला, कडा दाबून बघितल्या आणि विचारलं, "कव्हरं जाड आहेत, शिलाईत नीट बसत नाहीत. काढून टाकू?" आम्ही क्षणाचाही विचार न करता म्हटलं, "काढा की. गोष्ट तर आत आहे."

तो खंड आजही आमच्याकडे आहे. काळा पुठ्ठा, लाल कापडाची पाठ. आतल्या गोष्टी सगळ्या शाबूत आहेत. मुखपृष्ठं मात्र नाहीत.

आता, आम्ही जपलं काय आणि टाकलं काय, याचा हिशेब मांडू. आतली चित्रं मूळची अमेरिकन वृत्तपत्रांतली. फँटमची चित्रपट्टी १७ फेब्रुवारी १९३६ ला सुरू झाली. पहिले चित्रकार रे मूर, त्यांच्यानंतर विल्सन मॅकॉय. १९६१ मध्ये मॅकॉय वारले आणि काही काळातच काम साय बॅरी यांच्याकडे आलं, ते १९९४ पर्यंत. इंद्रजालच्या संपादकांनी या पट्ट्या कापून, जुळवून, पानाच्या मापात बसवल्या आणि फुग्यांतला मजकूर आपल्या भाषेत घातला. या पट्ट्या जगभर छापल्या गेल्या, पुनर्मुद्रित झाल्या, आजही मिळतात. म्हणजे आम्ही जिवापाड जपलं ते असं, की जे हरवण्याची फारशी भीतीच नव्हती.

मुखपृष्ठांची गोष्ट वेगळी. ती इथे रंगवली गेली होती. सुरुवातीच्या पन्नासेक अंकांची मुखपृष्ठं बी. गोविंद, म्हणजेच गोविंद ब्राह्मणिया, यांची. परक्या गोष्टीच्या त्या पुस्तिकेत इथल्या चित्रकाराने कोऱ्या कागदावर पहिल्यापासून निर्माण केलेली वस्तू कुठली, तर हे एक पान. आणि नेमकं तेच आम्ही 'वेष्टन' समजून काढून टाकलं.

वॉल्टर बेंजामिन या जर्मन विचारवंताने १९३०च्या दशकात यांत्रिक पुनरुत्पादनावर निबंध लिहिला. मूळ कलाकृतीभोवती एक वलय असतं आणि तिच्या प्रती निघू लागल्या की ते विरतं, असा त्याचा ढोबळ आशय. वर्गात आम्ही तो अनेकदा समजावून सांगितला. पण घरातल्या त्या काळ्या खंडाकडे बघताना तो आम्हांला कधी आठवला नाही. कॉमिकच्या मुखपृष्ठाची प्रत हजारोंनी निघते खरी, पण चित्रकाराने ते छपाईसाठीच रंगवलेलं असतं. स्टॉलवर टांगलेला अंक हेच त्याचं प्रदर्शन. म्हणून जुन्या अंकाचं मुखपृष्ठ ही कुठल्या तरी भिंतीवरच्या चित्राची दुय्यम प्रत मानून चालत नाही. बघणाऱ्याच्या दृष्टीने मूळ वस्तू तीच.

आता ती बघायची कशी? हल्ली जुन्या कॉमिक्सविषयी दोन प्रकारचं बोलणं ऐकू येतं. एक आठवणींचं : काय ते दिवस, काय ती सुट्टी, काय तो नव्या कागदाचा वास. दुसरं बाजाराचं : कितवा अंक, पिना गंजल्या आहेत का, कोपरे शाबूत आहेत का, काय भाव आला. दोन्हींबद्दल आमचा राग नाही. आम्हीही आत्ता आठवणीपासूनच सुरुवात केली. पण आठवण बघणाऱ्याविषयी सांगते आणि भाव विकत घेणाऱ्याविषयी. चित्राविषयी काही कळायचं तर चित्रासमोर थांबावं लागतं. आपण थोडं थांबू.

मॅकॉय यांची रेषा तुम्हांला आठवत असेल. साधी, सपाट, जवळजवळ बाळबोध. माणसं पुठ्ठ्यातून कापल्यासारखी उभी. त्या रेषेलाही तिची स्वतःची गंमत आहे, पण तिला वजन नाही. गोविंद यांच्यापुढचं काम अवघड होतं. हाच माणूस ब्रशने रंगवायचा होता, म्हणजे त्याला मांस द्यायचं, सावली द्यायची, उजेड कुठून येतोय ते ठरवायचं.

त्यात एक मोठी अडचण होती, डोळ्यांची. वेताळाच्या मुखवट्यात बुबुळं नाहीत, नुसते पांढरे डोळे. रेषाचित्रात हे खपून जातं, कारण तिथे सगळंच रेषेचं असतं. पण गालाचा उंचवटा, नाकाची सावली खऱ्यासारखी रंगवली की तेच कोरे डोळे आंधळ्याचे किंवा पुतळ्याचे दिसायला लागतात. भाव व्यक्त करायचं मुख्य साधनच चित्रकाराच्या हातून काढून घेतलेलं. मग तो काय करतो? मानेचा कल, खांद्याची ताठ, मुठीची आवळण, यांतून तो भाव बोलतो. ही मुखपृष्ठं पुन्हा बघाल तेव्हा चेहरा हाताने झाका आणि फक्त शरीर बघा. माणूस सावध आहे, चिडला आहे की उडी घेणार आहे, ते शरीरावरून कळतं का, ते तपासा. व्यक्तिचित्रणाची याहून कडक परीक्षा आम्हांला तरी ठाऊक नाही.

दुसरी अडचण रंगाची. वेताळाचा पोशाख जांभळा. चाररंगी छपाईत जांभळ्याची वेगळी शाई नसते. निळ्या आणि किरमिजी शाईचे बारीक ठिपके एकमेकांशेजारी, एकमेकांवर पडतात आणि डोळा त्यांचा जांभळा करून घेतो. एक प्लेट केसभर सरकली, तर अंगाभोवती निळी किंवा गुलाबी कड उमटते. अशा छपाईसाठी रंगवणाऱ्याला नाजूक छटांवर विसंबून चालत नाही. गडद आणि उजळ यांची मांडणीच इतकी पक्की हवी, की रजिस्टर हललं तरी आकृती कोलमडू नये. आपण ज्याला 'भडक' म्हणून नाक मुरडतो, त्यात छपाईचं हे शहाणपणही असतं.

तिसरी गोष्ट, क्षणाची निवड. लेसिंगने १७६६ मध्ये 'लाओकून' या ग्रंथात म्हटलं की चित्रकाराच्या वाट्याला एकच क्षण येतो, म्हणून त्याने परमोच्च क्षण चितारू नये. त्याच्या अलीकडचा निवडावा, म्हणजे पुढचं बघणाऱ्याची कल्पनाशक्ती पुरं करते. आपल्याकडे आनंदवर्धनाने काव्याबद्दल ध्वनीचा जो विचार मांडला, तोही याच्या आसपास जातो : सांगितलेल्यापेक्षा सुचवलेलं मोठं. चांगलं कॉमिक-मुखपृष्ठ या कसोटीला सहज उतरतं. ठोसा बसलेला दाखवला की गोष्ट संपली. हात मागे गेलेला दाखवला की अंक विकत घ्यावा लागतो. लेसिंगला जे कलेसाठी हवं होतं, ते इथे विक्रीसाठी लागतं, आणि त्याने चित्राचं काही बिघडत नाही.

त्याच सुमारास अमेरिकेत 'गोल्ड की' या प्रकाशनाच्या फँटम-अंकांची मुखपृष्ठं जॉर्ज विल्सन रंगवत होते. जाणकार गोविंद यांचं काम त्यांच्या शेजारी ठेवतात. तुम्हीही ठेवून बघा, खजील व्हायचं कारण नाही.

इथे एक शंका निघते. मुखपृष्ठ एवढं रसरशीत आणि आत मॅकॉय यांची सपाट रेषा, मग ही फसवणूक नाही का? लहानपणी आम्हांलाही अंक उघडल्यावर जरा उतरल्यासारखं व्हायचं. पण खोटं बोलायला आधी विधान करावं लागतं. मुखपृष्ठ 'आत असं आहे' असं विधान करत नाही. 'असं समजून वाच' असं सुचवतं. आत वेताळ दोन रेषांत उभा असला तरी आम्ही त्याला मुखपृष्ठावरचे खांदे चढवून वाचत होतो. बी. गोविंद यांचं एक चित्र अशा रीतीने आतल्या सगळ्या चौकटींत काम करत होतं. "गोष्ट तर आत आहे" असं म्हणणाऱ्या त्या मुलाला हे कळलं नव्हतं.

कौतुक झालं. आता टीकेची दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर आपणही आठवणीतच रमलो असं होईल.

फँटमची गोष्ट ही वसाहतकाळाची गोष्ट आहे. पिढ्यान्पिढ्या जंगलात राहणारा एक गोरा पुरुष, आणि त्याच्या शब्दाने शांत होणारे, त्याला अमर मानणारे तिथले लोक. इंद्रजालच्या संपादकांना यातलं काही बोचलं असावं. मूळ कथेतल्या देशाचं नाव 'बेंगाली' होतं, ते आपल्याकडे 'डेंकाली' झालं. पण नाव बदलता येतं, चित्राची मांडणी तशी बदलत नाही. मध्यभागी कोण, मोठं कोण, उजेड कोणावर, हे चित्र न बोलता शिकवतं. स्वातंत्र्यानंतर जन्मलेली आम्ही मुलं त्या जंगलातल्या लोकांकडे वेताळाच्या खांद्यावरून बघत होतो आणि आपण कोणाच्या बाजूला उभे आहोत हा प्रश्न आम्हांला पडला नाही. चित्रकाराची ताकद मान्य करायची, तर त्या ताकदीने आम्हांला हेही शिकवलं, हे मान्य करावं लागतं.

म्हणूनच १९७६ सालाला महत्त्व आहे. त्या वर्षी आबिद सुरती यांनी लिहिलेला 'बहादूर' इंद्रजालमध्ये आला. डाकूचा मुलगा, पण डाकूंविरुद्ध गावकऱ्यांचं नागरिक सुरक्षा दल उभं करणारा. भगवा कुर्ता आणि खाली जीन्स. आणि चित्रं कोणाची? गोविंद ब्राह्मणिया यांची. परक्या नायकाला बाहेरून अंग देणाऱ्या हाताला बारा वर्षांनी इथला नायक मिळाला, आणि मुखपृष्ठाच्या आतली पानंही मिळाली. डेंकालीच्या जंगलातून हा ब्रश चंबळच्या दऱ्यांत आला. आमच्या मते त्या चित्रकाराच्या कामातलं हे सर्वांत मोठं वळण आहे, आणि ते दिसायचं तर आधी ही दोन्ही कामं एकाच माणसाची आहेत हे ठाऊक हवं.

म्हणजे प्रश्न नावाशी येतो. आमच्या घरी दिवाळी अंक यायचे, तेव्हा वडील मुखपृष्ठ बघून म्हणायचे, "हे दलालांचं." बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथेवरचं चित्र बघून शेजारचे काका म्हणायचे, "मुळगावकर!" दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर ही मराठी घरांतली नावं होती. चित्र ओळखता येणं हा साक्षरतेचाच भाग होता. पुढे अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या अमर चित्र कथेमुळे राम वाईरकर, प्रताप मुळीक ही नावंही काही वाचकांपर्यंत पोचली. पण त्याच घरात, त्याच मुलाच्या हातातल्या इंद्रजालचं मुखपृष्ठ कोणाचं, हे आम्हांला कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. मासिकावरचं चित्र 'कला' होतं. कॉमिकवरचं चित्र 'कव्हर' होतं.

कोणी म्हणेल, नावाचा एवढा आग्रह कशाला? लेखकाचा मृत्यू रोलाँ बार्थने १९६७ मध्येच जाहीर केला आहे. खरं आहे, आणि तो निबंधही आम्ही शिकवलाय. पण ज्यांची नावं आधीच ठळक अक्षरांत छापली गेली, त्यांनाच तो मृत्यू परवडतो. ज्याचं नाव कधी लागलंच नाही, त्याच्या बाबतीत समीक्षेचं पहिलं काम नाव लावण्याचं आहे. नाव लागलं की दोन चित्रं शेजारी ठेवता येतात, वाढ दिसते, चुका दिसतात, एखादं चित्र फसलंय असं म्हणता येतं. बिननावी चित्राला आपण फक्त 'छान' म्हणतो आणि पान उलटतो.

इंद्रजाल १९९० मध्ये बंद पडलं, तेव्हा आठशेहून अधिक अंक निघाले होते. त्यांतले कितीतरी अंक आजही माळ्यावर, ट्रंकेत, रद्दीच्या दुकानात असतील. तुमच्या हाती पडले तर एवढं करा. मुखपृष्ठ आधी बघा, भाव नंतर काढा. चित्रकाराचं नाव कळलं तर अंकासोबत चिठ्ठीवर लिहून ठेवा. बांधून घ्यायचे असतील तर शिलाई जरा सैल चालेल, पण कव्हरं आतच ठेवायला सांगा.

आमचं एक मुखपृष्ठ वाचलं आहे. बाइंडिंगवाल्या काकांनी काढलेली कव्हरं आम्ही घरी आणली आणि वह्यांना घातली. त्यांतल्या भूमितीच्या वहीचं तेवढं राहिलं. उघडून बघितलं तर एक जांभळा खांदा, मागे हिरवा अंधार, आणि घडीवर रंग उडालेला. चित्रकार सही करतो तो खालचा कोपरा झिजून गेला आहे. आता ते पान त्या काळ्या खंडात पहिल्या पानाआधी ठेवलं आहे आणि त्याच्या मागे पेन्सिलीने लिहिलं आहे : बी. गोविंद.

एवढं बोलून आम्ही थांबतो. प्रश्न असतील तर अवश्य विचारा.